गॅलरीतून निवडलेल्या चित्राचा खरा प्रकार कसा ओळखायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मोबाइल अ‍ॅपमध्ये वापरकर्ता गॅलरीतून चित्र निवडतो. ते जेपीईजी आहे, पीएनजी आहे की आणखी काही, हे सर्व्हरकडे पाठवण्याआधी कळायला हवं. पाथमधल्या शेवटच्या टिंबानंतरचा भाग काढून पाहिला, तर काही अँड्रॉइड फोनवर रिकामी स्ट्रिंग हाती येते. आयफोनवर सगळंच जेपीजी दिसतं. आणि अधूनमधून सर्व्हर ‘हे चित्रच नाही’ म्हणून फाइल परत पाठवतो. मग खात्रीचा मार्ग कोणता?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. निवडलेल्या चित्राचा स्ट्रीम (फाइलमधले बाइट क्रमाने वाचायची वाट) उघडा, त्यातले पहिले ३२ बाइट वाचा आणि त्यांवरून प्रकार ठरवा. नाव, एक्स्टेन्शन, पिकरने (चित्र निवडायच्या खिडकीने) दिलेला माइम टाइप (‘इमेज/पीएनजी’सारखं प्रकाराचं नाव) ही सगळी सांगोवांगी आहे. ती बहुतेक वेळा खरी निघते, म्हणूनच तिच्यावर उभा केलेला कोड चाचणीत पास होतो आणि लोकांच्या फोनवर गेला की कोसळतो.

यामागची एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. आपण विचारतो, ‘वापरकर्त्याने कोणत्या प्रकारचं चित्र निवडलं?’ विचारायला हवं ते असं: ‘आत्ता माझ्या हातात जे बाइट आहेत, ते कोणत्या प्रकारचे आहेत?’ हे दोन प्रश्न एकच वाटतात, पण त्यांची उत्तरं पुष्कळदा वेगळी असतात. गॅलरीत एचईआयसी (आयफोनचा कॅमेरा वापरतो तो चित्रप्रकार) असलेला फोटो तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर जेपीईजी झालेला असू शकतो. पीएनजी स्क्रीनशॉट तुमच्याच कोडमधल्या एका ओळीने जेपीईजी होऊ शकतो, आणि त्याचं नाव मात्र पीएनजीच राहतं. पिकर, ऑपरेटिंग सिस्टिम, मधली लायब्ररी, तुमचा कॉम्प्रेशनचा कोड, यांपैकी कुणीही वाटेत चित्र बदलू शकतं. म्हणून तपासणी शेवटच्या टप्प्यावर करायची. जे बाइट पाठवणार आहात, तेच तपासायचे.

पाथमधून एक्स्टेन्शन काढण्याचा मार्ग का फसतो, ते अँड्रॉइडपासून सांगतो. तिथे पिकर तुम्हाला फाइलचा पाथ देतच नाही, कंटेंट यूआरआय देतो, म्हणजे चित्र मागवायचा एक पत्ता. त्याच्या शेवटी बहुतेक वेळा नुसता एक आकडा असतो. तो आकडा म्हणजे त्या कंटेंट प्रोव्हायडरच्या (चित्र पुरवणाऱ्या घटकाच्या) नोंदवहीतला क्रमांक. त्यात टिंब नाही, म्हणून एक्स्टेन्शनही नाही. तुम्हाला मिळालेली रिकामी स्ट्रिंग इथूनच येते. काही फोनवर हे ‘चालतं’, कारण तिथलं एखादं फाइल मॅनेजर अ‍ॅप यूआरआयमध्ये नाव घालतं. तो योगायोग आहे, त्याच्यावर विसंबू नका. यूआरआयवरून खरा पाथ शोधून काढणारे लांबलचक फंक्शन जागोजागी सापडतं. ते तुमच्या कोडमध्ये असेल तर काढून टाका. स्कोप्ड स्टोरेज (फोनवरच्या इतर फाइली थेट वाचण्यावरची अँड्रॉइडची मर्यादा) आल्यापासून तो पाथ मिळाला तरी वाचता येईलच असं नाही, आणि क्लाउडमधल्या फोटोला फोनवर पाथच नसतो.

अँड्रॉइडच्या माइमटाइपमॅपमध्ये गेटफाइलएक्स्टेन्शनफ्रॉमयूआरएल नावाची मेथड आहे. तिचा एक सापळा मराठीत फाइलींना नावं देणाऱ्या वापरकर्त्यांना हमखास अडकवतो. ही मेथड फाइलच्या नावात ठरावीक अक्षरंच चालवून घेते: इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं. नावात मोकळी जागा असेल किंवा देवनागरी अक्षर असेल, तर ती सरळ रिकामी स्ट्रिंग परत करते, शेवटी एक्स्टेन्शन ठसठशीत दिसत असलं तरी. ‘सहल.जेपीजी’ अशा नावाच्या फाइलचं एक्स्टेन्शन तिला सापडत नाही. नाव इंग्रजीत असणाऱ्या चाचणीच्या फाइलींमध्ये हा दोष कधीच दिसत नाही.

मग पुढचा सल्ला मिळतो तो कंटेंटरिझॉल्व्हरच्या गेटटाइपचा. यूआरआय द्या, माइम टाइप घ्या. पाथपेक्षा हा शंभर पटींनी बरा, आणि पटकन एखादं चिन्ह दाखवायचं असेल किंवा व्हिडिओ वेगळे काढायचे असतील तर मीही तोच वापरतो. पण हे उत्तर देतं कोण, ते पाहा. ते देतो समोरचा प्रोव्हायडर, आणि तो फाइल उघडून पाहतो अशी कुठलीच हमी नाही. अँड्रॉइडएक्समधला फाइलप्रोव्हायडर काय करतो? नावातलं शेवटचं टिंब शोधतो, पुढचं एक्स्टेन्शन तक्त्यात पाहतो आणि सापडलं नाही तर ‘अ‍ॅप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम’ सांगून मोकळा होतो. म्हणजे आपण एक्स्टेन्शनवर विश्वास नको म्हणून या दारात आलो, आणि आत तेच एक्स्टेन्शन वेगळे कपडे घालून बसलेलं. कुणी एचईआयसी फाइलचं नाव बदलून जेपीजी केलं, तर गेटटाइपही निर्धास्तपणे ‘इमेज/जेपीईजी’ म्हणेल. शिवाय फाइल स्कीमचा यूआरआय असेल तर नल (म्हणजे काहीच नाही) मिळतं. काही अ‍ॅप ‘इमेज/जेपीजी’ असं नोंदणीत नसलेलं नाव देतात (नोंदलेलं नाव ‘इमेज/जेपीईजी’ आहे), तर काही ‘इमेज/*’ असं मोघम उत्तर देतात. या सगळ्यांसाठी कोडमध्ये जागा ठेवावी लागते.

आता बाइटांकडे. हातच्या काकणाला आरसा कशाला? फाइल उघडता येत असताना तिच्याविषयी दुसऱ्याला विचारत बसण्याची गरजच नाही. बहुतेक सगळ्या चित्रप्रकारांच्या सुरुवातीला ओळख पटवणारे ठरावीक बाइट असतात. युनिक्समधली ‘फाइल’ ही आज्ञा १९७३ पासून याच तत्त्वावर चालते. खाली मी बाइटांचे आकडे दशमान पद्धतीने देतो. कोडमध्ये हेक्साडेसिमल वापरायचे असतील तर रूपांतर करून घ्या.

जेपीईजी सुरू होतं २५५, २१६, २५५ या तीन बाइटांनी. तीनच तपासा, चार नाही. इंटरनेटवरून उचललेल्या अनेक तक्त्यांत चौथा बाइट २२४ दिलेला असतो. तो जेएफआयएफ पद्धतीच्या फाइलींचा. कॅमेऱ्यातून निघालेल्या फोटोत तिथे बहुधा एक्झिफचा (फोटोसोबत साठवलेल्या माहितीचा) २२५ असतो, आणि काही फाइलींत थेट २१९. चौथा बाइट धरून बसलेला कोड वेबवरून उतरवलेली चित्रं ओळखतो आणि फोनने काढलेले फोटो नाकारतो. मोबाइल अ‍ॅपमध्ये नेमकं उलट व्हायला हवं. नव्या फोनमधले अल्ट्रा एचडीआर फोटो किंवा हलता तुकडा पोटात घेतलेले मोशन फोटो पाहून घाबरू नका. जेपीईजी म्हणून साठवलेल्या अशा फोटोंत जास्तीचा मजकूर मागे जोडलेला असतो, सुरुवात तीच राहते.

पीएनजीची सही आठ बाइटांची आहे: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. मला ही सही फार आवडते, कारण तिच्यातला प्रत्येक बाइट काहीतरी राखण करतो. पहिला १२७ पेक्षा मोठा घेतला आहे. वाटेत कुणी आठवा बिट कापला, तर तो लगेच चुकतो आणि बिघाड उघडा पडतो. पुढचे तीन म्हणजे ‘पीएनजी’ ही तीन अक्षरं, माणसाला वाचण्यासाठी. १३ आणि १० ही ओळ संपल्याची जुनी जोडी. कुणी फाइलला मजकूर समजून ओळींचे शेवट बदलले, तर ही जोडी मोडते. २६ आला की जुन्या डॉसमध्ये फाइल पडद्यावर ओतणं थांबायचं. आणि शेवटचा एकटा १० उलट दिशेचा बदल पकडतो. म्हणून पीएनजी तपासताना आठही बाइट तपासा. पहिल्या चारांवर थांबलात तर प्रकार कळेल, पण फाइल वाटेत बिघडली का, हे फुकट कळत होतं ते कळणार नाही. एक फायदा आणखी: सतराव्या ते विसाव्या बाइटांत चित्राची रुंदी असते आणि पुढच्या चारांत उंची. पहिल्या २४ बाइटांत मापंसुद्धा हाती येतात. जेपीईजीत हे इतकं सोपं नाही, तिथे एकामागून एक तुकडे ओलांडत मापांच्या तुकड्यापर्यंत चालत जावं लागतं.

जीआयएफच्या सुरुवातीला ‘जीआयएफ८७ए’ किंवा ‘जीआयएफ८९ए’ ही सहा अक्षरं असतात. पहिले चार बाइट ७१, ७३, ७०, ५६. बीएमपीला फक्त ६६, ७७ हे दोन. दोनच बाइटांची सही फार कच्ची. साधा मजकूरही या दोन अक्षरांनी सुरू होऊ शकतो. बीएमपीची खरी गरज नसेल तर परवानगीच्या यादीत ठेवूच नका.

वेबपी जरा नीट पाहावं लागतं. ते रिफ नावाच्या डब्यात येतं. पहिले चार बाइट ८२, ७३, ७०, ७०, मग चार बाइट आकाराचे, आणि नवव्यापासून ८७, ६९, ६६, ८०. पहिले चारच पाहिलेत तर वेव्ह ध्वनिफाइल आणि एव्हीआय व्हिडिओही वेबपी ठरतील, कारण डबा तोच आहे. वेबपी हलतं आहे का, हेही सुरुवातीलाच कळतं: तेराव्या बाइटापासून ‘व्हीपी८एक्स’ असेल, तर एकविसाव्या बाइटातला २ किंमतीचा बिट अ‍ॅनिमेशनची खूण आहे आणि १६ किंमतीचा बिट पारदर्शकतेची.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो एचईआयसी आणि एव्हीआयएफमध्ये, म्हणून इथे थोडं थांबतो. अ‍ॅपलने २०१७ साली आयओएस ११ मध्ये, आयफोन ७ आणि त्यापुढच्या फोनवर, कॅमेऱ्यासाठी एचईआयसी आणलं. तेव्हापासून हा प्रकार प्रत्येक अ‍ॅपच्या दारात उभा आहे. हे प्रकार एमपी४ व्हिडिओच्याच घराण्यातले आहेत, आणि रचनाही तीच: पहिल्या चार बाइटांत पहिल्या पेटीची लांबी, पाचव्यापासून आठव्यापर्यंत १०२, ११६, १२१, ११२, म्हणजे ‘एफटीवायपी’ ही अक्षरं, आणि नवव्यापासून बाराव्यापर्यंत मुख्य ब्रँड, म्हणजे प्रकाराचं चार अक्षरी नाव. पहिले चार बाइट फाइलगणिक बदलतात. ‘सुरुवातीला अमुक आकडे असले की एचईआयसी’ असं सांगणारे तक्ते इथेच चुकतात. लांबी सोडून द्या, पाचव्या बाइटापासून पाहा.

ब्रँड ‘एचईआयसी’ किंवा ‘एचईआयएक्स’ असेल तर प्रश्न मिटला. ‘एव्हीआयएफ’ असेल तर एव्हीआयएफ. ‘आयसोम’ किंवा ‘एमपी४२’ असेल तर तो व्हिडिओ आहे; नुसतं ‘एफटीवायपी’ पाहून चित्र ठरवणारा कोड इथे व्हिडिओलाच चित्र म्हणून बसतो. अडचण येते ती ‘एमआयएफ१’ ब्रँड आला की. त्याचा अर्थ एवढाच की या घराण्यातलं एक स्थिर चित्र आहे. आत दाबण्याची पद्धत कोणती, ते तो सांगत नाही. तेव्हा पुढे जायचं. तेरा ते सोळा हे बाइट आवृत्तीचे, ते सोडायचे. सतराव्यापासून पेटी संपेपर्यंत चार-चार अक्षरांची सुसंगत ब्रँडांची यादी असते. तिच्यात ‘एव्हीआयएफ’ सापडलं तर एव्हीआयएफ, ‘एचईआयसी’ सापडलं तर एचईआयसी. पेटी कुठे संपते, ते पहिल्या चार बाइटांतल्या लांबीवरून कळतं. तिथेच ती कामाला येते. बारा बाइट पुरतात असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, पण मी ३२ वाचायला सांगतो ते या यादीसाठी. यादी त्याहून लांब निघाली तर आणखी वाचा, मात्र फाइलमध्ये लिहिलेल्या लांबीवर आंधळा विश्वास ठेवून तेवढी मेमरी मागू नका. वरची मर्यादा स्वतः घाला. मी २५६ बाइटांवर थांबतो.

टिफ ७३, ७३, ४२, ० किंवा ७७, ७७, ०, ४२ ने सुरू होतं. पण डीएनजी आणि कितीतरी कॅमेऱ्यांच्या रॉ फाइली याच सांगाड्यावर बांधलेल्या असतात, तेव्हा ही सही दिसली म्हणजे ‘साधं टिफ’ असं समजू नका. एसव्हीजीला अशी सहीच नाही, तो मजकूर आहे आणि त्यात स्क्रिप्ट राहू शकते. वापरकर्त्यांनी चढवायच्या चित्रांत एसव्हीजी घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

हे सगळं माहीत असूनही प्रत्यक्ष कोडमध्ये तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, जावा आणि कोटलिनमध्ये बाइट हा चिन्हासकट असतो, उणे १२८ ते १२७. जेपीईजीचा पहिला बाइट तिथे २५५ दिसत नाही, उणे १ दिसतो. दुसरा उणे ४० आणि पीएनजीचा पहिला उणे ११९. सरळ २५५ शी तुलना केली तर ती कधीच जुळत नाही, आणि प्रत्येक जेपीईजी ‘अनोळखी’ ठरतं. आधी २५५ शी बिटवाइज अँड करून पूर्णांक करून घ्या, मग तुलना करा. दुसरं, स्ट्रीमच्या रीडला ३२ बाइट मागितले म्हणजे ३२ मिळतीलच असं नाही. कमी मिळू शकतात, विशेषतः फोटो क्लाउडवरून उतरत असेल तेव्हा. पुरेसे बाइट येईपर्यंत किंवा स्ट्रीम संपेपर्यंत फिरत राहा, आणि प्रत्यक्षात किती मिळाले तो आकडा तपासणीत वापरा. तिसरं, वाचलेले बाइट स्ट्रीममधून पुढे निघून जातात. तोच स्ट्रीम पुढे अपलोडला दिलात तर चित्राचं डोकंच कापलेलं जाईल. स्ट्रीम बंद करा आणि यूआरआयवरून नवा उघडा. मागे नेण्याची सोय प्रत्येक स्ट्रीममध्ये नसते. आणि हे काम मुख्य थ्रेडवर नको. क्लाउडमधला फोटो असेल तर पहिल्या बाइटासाठीही नेटवर्कची वाट पाहावी लागते.

‘हे सगळं हाताने कशाला लिहू, सिस्टिमला विचारता येत नाही का?’ येतं, आणि विचारावंच. अँड्रॉइडवर बिटमॅपफॅक्टरीच्या ऑप्शन्समध्ये इनजस्टडीकोडबाउंड्स ट्रू करून स्ट्रीम द्या. चित्र मेमरीत न उघडता रुंदी, उंची आणि आउटमाइमटाइप मिळतो, आणि हा माइम टाइप खऱ्या बाइटांवरून काढलेला असतो. अँड्रॉइड ९ पासून इमेजडीकोडरही हेच काम करतो. आयओएसवर सीजीइमेजसोर्स बनवून त्याला गेटटाइप विचारा. तोही बाइट पाहूनच उत्तर देतो. मी दोन्ही ठेवतो, स्वतःची तपासणीही आणि सिस्टिमचीही, कारण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. एव्हीआयएफचा आधार अँड्रॉइडमध्ये १२ व्या आवृत्तीपासून आणि आयओएसमध्ये १६ व्या आवृत्तीपासून आला. त्याहून जुन्या फोनवर सिस्टिम फक्त नल सांगेल. माझी तपासणी सांगेल की हे एव्हीआयएफ आहे. दोन्ही मिळून वापरकर्त्याला नीट निरोप देता येतो: ‘हा फोन हे चित्र उघडू शकत नाही’. ‘फाइल खराब आहे’ असं म्हटलं, तर चांगला फोटो असलेला माणूस उगाच हवालदिल होतो.

मापं आधी कळण्याचा आणखी एक उपयोग आहे. १०८ मेगापिक्सेलचा फोटो, म्हणजे १२००० गुणिले ९०००, प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले तर मेमरीत ४३२ एमबी मागतो, डिस्कवर तो कितीही लहान असो. प्रकार ओळखण्यासाठी अख्खं चित्र उघडणारा कोड मी पाहिला आहे, आणि तो मोठ्या फोटोंवर अ‍ॅप बंद पाडत असे.

आता आयफोनवर सगळं जेपीजी का दिसतं, ते. जुन्या यूआयइमेजपिकरमधून तुम्ही ओरिजिनलइमेज घेतलंत, की हाती येतो यूआयइमेज. तो उघडलेल्या पिक्सेलांचा ऑब्जेक्ट आहे. मूळ फाइल कोणत्या प्रकारची होती, ही माहिती तिथे उरलेलीच नसते, म्हणून यूआयइमेजला त्याचा प्रकार विचारणं निरर्थक आहे. त्यावर जेपीईजीडेटा मागवला की जेपीईजी मिळतं, पीएनजीडेटा मागवला की पीएनजी. तो प्रकार तुम्ही ठरवलेला आहे. मूळ फाइल हवी असेल तर त्याच पिकरमधला इमेजयूआरएल घ्या. गॅलरीतून निवडलेल्या चित्राला तो मिळतो, पिकरमधूनच कॅमेरा उघडून काढलेल्या फोटोला मिळत नाही.

आयओएस १४ पासूनचा पीएचपिकर यापेक्षा कितीतरी स्वच्छ आहे. तो आयटम प्रोव्हायडर देतो, आणि त्याच्या रजिस्टर्ड टाइप आयडेंटिफायरच्या यादीत ते चित्र कोणकोणत्या रूपात मिळू शकतं हे असतं. पिकरच्या रचनेत प्रिफर्डअ‍ॅसेटरिप्रेझेंटेशनमोड आहे. ‘करंट’ ठेवलं तर शक्य तो मूळ रूप मिळतं, एचईआयसी असेल तर एचईआयसीच. ‘कंपॅटिबल’ ठेवलं तर सिस्टिम गरजेप्रमाणे सर्वांना चालेल अशा रूपात बदलून देते. सर्व्हरला एचईआयसी नको असेल तर हा दुसरा पर्याय सर्वांत कमी कष्टाचा. लोडफाइलरिप्रेझेंटेशन वापरताना एवढं पाळा: मिळालेली तात्पुरती फाइल कम्प्लीशन हँडलर संपला की नाहीशी होते. हँडलरच्या आतच तिची प्रत करा. मागाहून बाइट वाचायला गेलात तर फाइल नाही, आणि मग दोष प्रकार ओळखण्याच्या कोडला दिला जातो.

फ्लटर (एकाच कोडमधून दोन्ही फोनसाठी अ‍ॅप बनवायचं साधन) वापरत असाल तर इमेज पिकरमधून येणाऱ्या एक्सफाइलचा माइमटाइप मोबाइलवर पुष्कळदा नल असतो. माइम पॅकेजच्या लुकअपमाइमटाइपला पाथच्या जोडीने हेडरबाइट्स दिले, तर ते आधी बाइट पाहतं. नुसता पाथ दिला तर एक्स्टेन्शन. तेव्हा बाइट द्याच. आणि पिकरला इमेजक्वालिटी किंवा कमाल रुंदी दिलीत, तर चित्र नव्याने लिहिलं जातं हे ध्यानात ठेवा. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह या तशाच साधनातल्या पिकरांच्या उत्तरात प्रकार मिळतो, त्याला वरच्या गेटटाइपइतकीच किंमत द्यायची.

मला या विषयाची इतकी आच लागली ती एका प्रकल्पापासून. लोक कागदपत्रांचे फोटो काढून पाठवायचे आणि पलीकडे माणसं ते तपासायची. काही अर्जांत फोटोच्या जागी रिकामी चौकट दिसायची. अर्ज परत जायचे, लोक पुन्हा फोटो काढायचे, पुन्हा तेच. आम्ही नेटवर्क तपासलं, सर्व्हरची जागा तपासली. शेवटी एक फाइल उतरवून तिचे बाइट पाहिले, तर पाचव्या जागेपासून ‘एफटीवायपी’. आमच्याच अपलोडच्या कोडमध्ये फाइलचं नाव कायमचं ‘फोटो.जेपीजी’ आणि माइम टाइप ‘इमेज/जेपीईजी’ असं लिहून ठेवलेलं होतं. एचईआयसी फाइली जेपीईजीचा शिक्का मारून जात होत्या, आणि तपासणाऱ्यांचे ब्राउझर त्या दाखवू शकत नव्हते. सफारीने १७ व्या आवृत्तीपासून एचईआयसी दाखवायला सुरुवात केली, बाकी बहुतेक ब्राउझर दाखवत नाहीत. दुरुस्ती छोटी होती: पाठवण्याच्या क्षणी बाइट पाहायचे, एचईआयसी असेल तर जेपीईजीत बदलायचं, आणि नाव व माइम टाइप बाइटांवरूनच ठरवायचे. पण तोवर कितीतरी लोकांनी आपलंच काही चुकलं असं समजून पुन्हा पुन्हा फोटो काढले होते. ते मला अजून लागून आहे.

रूपांतर करणार असाल तर काय हरवतं, ते आधी पाहून घ्या. फोटो आडवा की उभा, हे एक्झिफमधल्या ओरिएंटेशनमध्ये असतं. नव्याने लिहिताना ते गळलं आणि पिक्सेलही फिरवले नाहीत, तर उभे फोटो आडवे पडतात. पारदर्शक पीएनजी जेपीईजीत गेलं की पारदर्शक भागात बहुधा काळं भरलं जातं. आधी पांढरी पार्श्वभूमी घाला. हलतं जीआयएफ किंवा वेबपी एका चौकटीवर येतं. एपीएनजीची (हलत्या पीएनजीची) सही साध्या पीएनजीचीच असते, त्यामुळे तिथे तर हालचाल होती हेही लक्षात येत नाही. उलट बाजूने, मूळ फाइल जशीच्या तशी पाठवलीत तर फोटो काढल्याच्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश सोबत जाऊ शकतात. अँड्रॉइड १० पासून विशेष परवानगीशिवाय सिस्टिम ते झाकते, पण सगळ्या वाटांवर याची खात्री धरू नका; ठिकाण नको असेल तर स्वतः काढून टाका.

अ‍ॅपमधली ही तपासणी वापरकर्त्याच्या सोयीसाठी आहे, सुरक्षेसाठी नाही. सर्व्हरला येणारी विनंती तुमच्याच अ‍ॅपमधून आली असेल याचा काय भरवसा? तेव्हा सर्व्हरने स्वतः बाइट पाहावेत, आलेला कंटेंट-टाइप गृहीत धरू नये. आणि सही जुळली म्हणजे फाइल निर्दोष असंही नाही. सुरुवातीला जीआयएफची सहा अक्षरं आणि पुढे भलताच कोड, अशा फाइली मुद्दाम बनवल्या जातात. सर्व्हरवर चित्र पूर्ण उघडून नव्याने लिहिणं आणि परत देताना ‘नोस्निफ’चा हेडर (ब्राउझरने प्रकाराचा स्वतः अंदाज बांधू नये, ही सूचना) लावणं, एवढं तरी करायलाच हवं. परवानगीच्या यादीत ‘इमेज/एचईआयसी’ घेतलंत तर ‘इमेज/एचईआयएफ’ही घ्या, दोन्ही नावं नोंदलेली आहेत आणि वेगवेगळे फोन वेगवेगळं पाठवतात.

चाचणीसाठी फाइलींचा एक छोटा संच रेपॉझिटरीतच ठेवा. त्यात एक्झिफवालं आणि जेएफआयएफवालं जेपीईजी, साधं पीएनजी, स्थिर आणि हलतं वेबपी, मुख्य ब्रँड ‘एमआयएफ१’ असलेलं एचईआयसी, एव्हीआयएफ, जेपीजी नाव दिलेलं एचईआयसी, देवनागरी नावाची फाइल, एक्स्टेन्शन नसलेली फाइल, पाचच बाइटांची अर्धवट फाइल, शून्य बाइटांची फाइल, आणि चित्राचं नाव दिलेला एमपी४ व्हिडिओ. पाच बाइटांची फाइल विसरू नका. बाराव्या जागेवर थेट हात घालणारा कोड तिथेच क्रॅश होतो.

आणि प्रकार ओळखता आला नाही, तर लॉगमध्ये पहिले १६ बाइट, प्रोव्हायडरची ऑथॉरिटी (त्याचं ओळखनाव) आणि गेटटाइपने दिलेलं उत्तर नोंदवा. फाइलचं नाव आणि चित्र मात्र नोंदवू नका, ते वापरकर्त्याचं खासगी आहे. एवढ्या नोंदीवरून घोळ कुठे झाला, हे बहुतेक वेळा फोन हाती न घेताही कळतं.